मोहाच्या बुडातला चेंडू

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आई आणि बाबा दोघंही कारखान्यात, दोघंही संघटनेत. रविवारी जेवणं आटोपली की चटईवर ताज्या छापलेल्या कागदांचा ढीग पडायचा आणि मी घड्या घालायला बसायचे. अक्षरओळखही त्यांच्यावरच झाली. 'कामगार बंधू-भगिनींनो' हे शब्द मला बाराखडी पुरी होण्याआधी वाचता येत. तेव्हा साहेब लोकांच्या खेळांबद्दलचं माझं मत शाळेतच पक्कं झालं होतं, आणि त्या खेळांत गोल्फचा नंबर पहिला. ते मत अजूनही फारसं बदललेलं नाही. जंगलालगतची एवढी जमीन मूठभर माणसांच्या चेंडूसाठी कुंपणात घालणं मला आजही पटत नाही, आणि हे मी आईला तोंडावर सांगते. आई ऐकून घेते आणि म्हणते, "बरं. चाल, पिशवी उचल."

चंद्रपूरपासून थोड्या अंतरावर, सागाच्या जंगलाला टेकून आमच्या कारखान्याची वसाहत आहे. तिच्या मागच्या अंगाला नऊ होलचं मैदान. टीव्हीवर दिसतं तसलं हिरवंगार काही डोळ्यांपुढे आणू नका. आमच्याकडचा उन्हाळा गवत ठेवत नाही. होळीच्या आधीच जमीन भाजलेल्या विटेसारखी होते आणि सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडतात. होलभोवती इतर ठिकाणी मऊ हिरवळ असते म्हणे. आमच्याकडे वाळूत जळकं ऑइल कालवून केलेला गोल ओटा असतो. त्याला सगळे ब्राऊन म्हणतात. चेंडू ब्राऊनवर आला की खेळणाऱ्यानं लाकडी फावडीनं चेंडूपासून होलपर्यंतची वाळू सपाट ओढून घ्यायची आणि मग हलका फटका मारायचा. बिबट दिसला त्या दिवशी मागचे तीन होल बंद. वानरानं चेंडू पळवला तर दुसरा ठेवायचा, दंड नाही. हा नियम तिथल्या फळ्यावरच रंगवलेला आहे.

या मैदानावर जे काही गवत उगवतं ते कामगार कापत आणि अधिकारी त्यावर खेळत. संघटनेनं एका करारात बाकीच्या मागण्यांसोबत हीही घातली: मैदान कामगारांना आणि त्यांच्या घरच्यांना खुलं करा. मागणी आईची. ती मान्य होईल असं कोणालाच वाटलं नव्हतं. घासाघीस करताना सोडून द्यायला काहीतरी हवं म्हणून ती घातली होती, असं बाबा हसत सांगतात. व्यवस्थापनानं नेमकी तीच सगळ्यात आधी मान्य केली. अट एक घातली. मुभा एका हंगामापुरती. तेवढ्यात कामगारांपैकी निदान एकानं क्लबची नेहमीची परीक्षा पास करायची. नऊ होल, पंचावन्न फटक्यांत. अधिकाऱ्यांनाही तीच परीक्षा होती, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. एकही जण पास झाला नाही तर फाटक पुन्हा बंद.

पहिल्या रविवारी बरेच जण आले, फोटो काढले. दुसऱ्या रविवारी चौघं. दिवाळीनंतर कोणीच नाही. काहींना लाज वाटे, काहींचं पाळीमुळे जमेना, आणि बऱ्याच जणांना खेळच आवडला नाही. आईला ते सहन होईना.

"मांगून घेतलं अन् वापरलं नाई, तर पुढच्या वेळी कोन्या तोंडानं मांगाचं?" ती बाबांना म्हणाली. "तुम्ही जाता का?"

"माहे गुडघे पाहून राह्यली ना तू?"

"मंग मी जातो," आई म्हणाली.

आई तेव्हा पन्नाशीला टेकलेली. माहेर नागभीडकडचं, धानाच्या बांध्यांमध्ये वाढलेली; तिकडच्या बायका 'जाते', 'करते' नाही, 'जातो', 'करतो' असंच बोलतात. कारखान्यात ती क्रेन चालवते. छताखालच्या रुळांवरून सरकणारी आणि खाली साखळ्यांना टनावारी लोखंड लटकवणारी क्रेन. मी गडचिरोलीला वनहक्काच्या दाव्यांचं काम करणाऱ्या एका संस्थेत लागले होते आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं मूलमार्गे घरी यायचे. आईनं फोनवर सांगितलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करते आहे. घरी आले तर दाराशी तीन जुन्या काठ्या आणि एक फाटकी पिशवी उभी होती.

काठ्या दिल्या होत्या कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी. त्या मैदानावर खेळणाऱ्या एकट्या बाई. आईला शिकवायचं त्यांनी आपणहून कबूल केलं. पहिल्या धड्याला मी कुंपणाशी हाताची घडी घालून उभी होते. आईनं काठी अशी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी पडली. दात खाऊन तिनं फटका मारला. मातीचं ढेकूळ लांब उडालं आणि चेंडू जागच्या जागी लोळला.

"बाई, इतका जोर कशाला?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "चेंडूनं तुमचं काय बिघडवलंय?"

"साहेबाचा आहे ना जी."

डॉक्टरबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी आईची मूठ एकेक बोट करून सैल केली. काठी सुटून पडणार नाही इतकीच धरायची. पाठ वाकवायची नाही, कमरेतून झुकायचं. डोकं जागेवर. आईनं सगळं केलं तरी चेंडू कधी उजवीकडे जंगलात, कधी डावीकडे नालीत. असे कितीतरी रविवार गेले. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, हे खरं. कंटाळून सोडेल, असा माझा हिशेब होता.

आईनं सोडलं नाही. एका शनिवारी मी घरी पोचले तर ती अंगणात हातात नुसता खराटा घेऊन हळूहळू मागे नेत होती, वर थांबवत होती, खाली आणत होती.

"का करून राह्यली वं आई?"

"आतापर्यंत मी उलटं करत होतो," ती म्हणाली. "हातानं ओढत होतो काठीले. क्रेनमध्ये असं करतो का मी? लटकलेल्या मालाले झटका देला का तो झुलते. आधी वरची गाडी हलवाची, माल आपोआप मागून येते. इथी पण तसंच. आधी कंबर, मंग खांदे, हात सगळ्यात शेवटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होलवर तिनं काठी मागे नेली, वर क्षणभर थांबली आणि सोडली. आवाज आधीच्यासारखा धप्प आला नाही. टप् असा कोरडा आणि स्वच्छ आवाज आला. चेंडू सागांच्या शेंड्याएवढा वर गेला आणि सरळ गेला.   मी हाताची घडी सोडली होती, हे मला नंतर कळलं.

लांबचा फटका बसला तरी खरी गोची ब्राऊनजवळ होती. चेंडू थेट ब्राऊनवर टाकला तर तेलकट वाळूत रुततो, जागचा हलत नाही. अलीकडे टाकला तर भाजलेल्या जमिनीवर टणकन उडून पलीकडे जातो. आईनं अंगणात गोणपाट अंथरलं आणि पाळीवरून आली की त्यावर चेंडू टेकवायचा सराव सुरू केला. चेंडू पायाच्या जरा मागे ठेवायचा, हात पुढे, मनगट मोडायचं नाही, काठी झाडूसारखी जमिनीलगत न्यायची. तिनं स्वतःसाठी एक सूत्र केलं होतं. चेंडू थांबणार कुठे ते बघायचंच नाही. टेकणार कुठे तेवढं बघायचं. टेकणं आपल्या हातात आहे, थांबणं जमिनीच्या. शेजारच्या बायका फाटकात उभ्या राहून विचारायच्या, "भाजी झाली का जी? का गोणपाटच खाता आज?" आई म्हणायची, "तुम्ही घेऊन या, मी इथीच आहो."

संघटनेच्या माणसांना हा खेळ कळायला वेळ लागला. एकदा आईच्या क्रेनखाली काम करणारे दोघं भाऊ तिला पाठिंबा द्यायला आले. आईचा चेंडू खड्ड्यात पडलेला पाहून एकानं पुढे जाऊन तो उचलला आणि छान सपाट जागी ठेवला. वर आमच्याकडे बघून अंगठा दाखवला. साथीदार अडचणीत असेल तर हात द्यायचा, हेच तर आम्ही आयुष्यभर शिकलो. आईनं धावत जाऊन चेंडू परत खड्ड्यात ठेवला. भाऊ बिचारा गोंधळला. "अवो बाई, आपलाच माणूस ना मी!"

"म्हणूनच म्हणतो, पुन्हा हात लावू नका."

पण याच खेळातली एक गोष्ट आईला संघटनेइतकीच आवडली. कमी कुवतीच्या खेळाडूला हिशेबात जास्त फटक्यांची सूट मिळते आणि चांगल्याला कमी, म्हणजे दोघं बरोबरीनं खेळू शकतात. डॉक्टरबाईंनी हे समजावल्यावर आईनं ते बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाली, "अन् हे साहेब लोकायनं मान्य केलं? पगारात काऊन नाई करत मंग?"

राग हा तिचा आणि माझाही जुना आजार. एक फटका चुकला की पुढचे तीन जात. डॉक्टरबाईंनी खूप सांगितलं: लांब श्वास घ्या, चांगलं आठवा. त्यानं काही झालं नाही. उपाय आईला वाटाघाटीच्या टेबलावरून सापडला. तिथं एक मुद्दा हरला की तो घेऊन कुढत बसणारा माणूस पुढचे सगळे हरतो, हे तिनं अनेकदा पाहिलं होतं. गेलेला मुद्दा त्या बैठकीत परत काढायचा नाही. तसंच तिनं इथं ठरवलं. काठी हातात आहे तोवर हवं ते बोलायचं, शिवी दिली तरी चालेल. काठी पिशवीत गेली की त्या फटक्याचं नाव नाही. पिशवी माझ्या खांद्यावर असायची, त्यामुळे तिच्या तोंडचं सगळं मी ऐकलं आहे. इथं लिहिण्यासारखं त्यात थोडंच आहे.

परीक्षेची सकाळ आली ती मोह गळण्याच्या दिवसांत. मैदानावर मोहाची काही मोठी झाडं आहेत. कुंपणापलीकडच्या गोंड वस्तीतल्या बाया पहाटेच येऊन फुलं वेचतात. कोणतं झाड कोणत्या घराचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे; मैदान नंतर आलं. झाडाच्या बुडातली पानं आधीच झाडून, जाळून जागा लख्ख केलेली असते, कारण पानांत पडलेलं फूल हाती लागत नाही. त्या झाडलेल्या गोलात परकी माणसं पाय ठेवत नाहीत.

आईचे गुण मांडायला क्लबचे सचिव आले होते. कोल्हापूरकडचे, मितभाषी, टोपी नीट घातलेले. डॉक्टरबाईंची ड्यूटी होती. आम्ही तिघंच. आईनं सुरुवात छान केली. सहा होल झाले तेव्हा ती ठरवल्यापेक्षा एक फटका वाचवून पुढेच होती. मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळा जुळवायला लागले होते.

सातव्या होलवर तिचा दुसरा फटका जमिनीवर आपटून वाकडा उडाला आणि थेट एका मोहाच्या बुडात गेला. खाली एक बाई टोपली घेऊन वाकलेली. आम्ही पोचलो. झाडाखाली पांढरट-पिवळ्या गोल फुलांचा सडा पडलेला आणि त्यात कुठेतरी आमचा चेंडू.

"तुमचा अंडा इथी पडला, बाई," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

"हात नको लावू वं!" आई ओरडली.

"काऊन? चावते का?"

सगळेच हसलो, सचिवही. मग आईनं गोलाच्या कडेवर उकिडवं बसून पाहिलं. चेंडू फुलांत अर्धा बुडलेला. मारायचं तर आत जाऊन उभं राहावं लागणार, आणि काठी फिरली की समोरची सगळी फुलं उधळून मातीत जाणार. बाईनं नुकतीच एक बाजू वेचून संपवली होती. हीच बाजू उरली होती.

"मारा ना जी," बाई म्हणाली. "दोन-चार फुलं जातीन."

"दोन-चार नाई जात. ओंजळीनं जातीन. मले दिसते ना."

"थांबता का मंग? वेचून घेतो."

आईनं सचिवांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मागून दुसरी जोडी येत होती, इतका वेळ खोळंबून चालत नाही, हा नियम आम्हाला माहीत होता. सचिव जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, उचला आणि बाहेर ठेवा. मी दंड लावत नाही."

"अशी सूट सगळ्यायले आहे का?"

"नियमात नाहीये. वानराचं आहे, मोहाचं नाही. पण आज मी पाहतोय ना."

"घे ना आई," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते आपोआप गेलं. सगळ्या कामगारांचं फाटक या एका चेंडूवर अडलेलं होतं आणि मागणारी बाजू आमची होती. मला दुसरं काही दिसत नव्हतं.

 आई सचिवांना म्हणाली, "साहेब, तुम्ही चांगले आहा म्हणून देऊन राह्यले. उद्या तुमच्या जागेवर दुसरा आला तर? मेहरबानीवर पास झालो तर ते मेहरबानीच राहीन. दंड लिहा."

तिनं चेंडू उचलला, नियमाप्रमाणे होलपासून आणखी मागे आणून उघड्या जमिनीवर टाकला, आणि एक फटका वाया गेला. पुढे होतो ते बरोबरीत आलो. माझं डोकं तापलं. वानराला नियम आहे आणि शेकडो वर्षं इथं मोह वेचणाऱ्या बाईला नाही! मी सचिवांकडे वळून तेच बोलायला तोंड उघडलं.

"आता नाई," आई म्हणाली. "बरोबर बोलून राह्यली तू. पण आता नाई."

बाई टोपली कमरेवर घेऊन बघत राहिली. आईनं काठी मागे नेली, वर थांबली, सोडली. चेंडू झाडाला वळसा घालून ब्राऊनच्या अलीकडे गेला. तिथून दोन फटक्यांत होल पुरा झाला. आठवा ठरवल्यासारखा. नववा होल खेळायला उभी राहिली तेव्हा तिच्या हाती पाच फटके होते.

पहिला फटका बरा गेला. दुसरा सागाच्या पानांत; चेंडू शोधायलाच आमची धांदल उडाली. तिसऱ्यानं ती नुसती बाहेर आली, ब्राऊनपासून बैलगाडीएवढी लांब. मधे दगडासारखी जमीन. मला बघवेना, पण पिशवी माझ्याकडे होती, जाणार कुठे? आई चेंडूपाशी गेली नाही. ती पुढे चालत गेली, ब्राऊनच्या अलीकडे एका जागी उभी राहिली, ती जागा बुटाच्या टोकानं दाबून पाहिली, परत आली. होलकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. मग काठी जमिनीलगत फिरली. चेंडू त्या जागी टेकला, एक छोटी उडी घेतली, वाळूत शिरला आणि घरंगळत थांबला. होल दोन हातांवर.

आईनं फावडी घेतली. चेंडूपासून होलपर्यंत वाळू ओढली. सचिवांनी टोपी काढून हातात धरली होती, का ते त्यांनाच माहीत. आईनं पदर खोचला आणि हलकेच मारलं. चेंडू होलच्या काठाशी आला, थांबल्यासारखा झाला आणि आत पडला.

पंचावन्न. सचिवांनी सही केली आणि हात पुढे केला. आईनं तो हातात घेतला, पण लगेच सोडला नाही. "आता बसू," ती म्हणाली. "त्या मोहाचं."

क्लबच्या ओसरीवर चहा आला. मला तिनं लिहायला सांगितलं. मी पान भरून लिहिलं: जमिनीचा इतिहास, वस्तीचा पहिला अधिकार, कुंपणाचा अन्याय. लिहिलं त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. आईनं वाचलं, म्हणाली, "हे सगळं आपल्या पत्रकात घे, मी छापून आणतो. फळ्यावर एवढं माईन का?" आणि तिनं सांगितलं ते मी खाली लिहिलं: 'मोहाखाली वेचणी चालू असल्यास चेंडू उचलून झाडलेल्या जागेबाहेर ठेवावा. दंड नाही. वेचणाऱ्या बाईला उठवू नये.' शेवटचं वाक्य सचिवांना खटकलं. नियमात असं लिहीत नाहीत, म्हणाले. आई चहा पीत राहिली. सचिवांनी दोनदा वाचलं आणि कमिटीपुढे तसंच ठेवायचं कबूल केलं. कमिटीनं पुढे ते मान्यही केलं. पण त्या सकाळी हे कोणाला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं ते एवढंच की फाटक उघडं राहिलं. पुढच्या रविवारी त्यातून सातजण आत आले. एक फिटर भाऊ लग्नातले बूट घालून, त्याची बायको हातमोजे म्हणून वेल्डिंगचे मोजे घेऊन, आणि बाबा, गुडघ्याला पट्टा बांधून, फक्त बघायला म्हणत. काठ्या तीनच. सातही जण एकाच वेळी बोलत होते. आईनं एका काठीनं जमिनीवर रेघ मारली आणि सगळ्यांना तिच्यामागे उभं केलं. मीही त्या रांगेत होते. गडचिरोलीची एसटी त्या दिवशी माझी चुकली.